आवाज आला की ठोकळा टाक

प्रिय दादा,

आमच्या दवाखान्यात एक दार बसवलं आहे. त्या दाराविरुद्धची माझी तक्रार मी आता तुझ्या दरबारात दाखल करते आहे, कारण बाकीच्या सगळ्या दरबारांनी ती फेटाळून लावली आहे. हे दार आपलं आपण उघडतं. इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. पण ते उघडताना बोलतं. साखरेच्या पाकात बुडवून काढलेल्या बाईच्या आवाजात म्हणतं, ‘आपलं स्वागत आहे. कृपया सावकाश चाला.’ आत येणाऱ्याला म्हणतं आणि बाहेर जाणाऱ्यालाही म्हणतं. कचऱ्याच्या गाडीला म्हणतं. फरशी पुसणाऱ्या मावशींना म्हणतं, आणि त्या दर वेळी ‘आले गं बाई, आले’ असं उत्तर देतात. समोरून नुसतं कोणी चालत गेलं तरी त्याला राहवत नाही. आता मुख्य मुद्दा, न्यायमूर्ती: हे दार बसवलंय कानाच्या विभागाला. ज्यांच्या स्वागतासाठी ते बोलतं त्यांना ते ऐकू येत नाही, आणि जिला ऐकू येतं ती अभागी बाई हल्ली त्याला लागूनच दिवसभर बसते. मी देखभालवाल्याला बोलावून सांगितलं, तर तो म्हणाला, ‘मॅडम, सगळ्यांना फार आवडलंय हो. तुम्हालाच काय ते खटकतंय.’ हे वाक्य मी जन्मभर इतक्या तोंडांतून ऐकलंय की दाराला तेच शिकवलं असतं तरी मला नवल वाटलं नसतं.

तू आता हसत असशील आणि वहिनीला हाक मारून सांगत असशील, हिची टकळी सुरू झाली बघ. होऊ दे. फोनवर आपलं जे होतं त्याला बोलणं म्हणायचं तर सरकारी पावतीला कविता म्हणावं लागेल. ‘काय चाललंय?’ ‘चाललंय.’ ‘तब्येत?’ ‘आहे.’ मग तुझा गुडघा, मग माझ्या इमारतीची लिफ्ट, मग ‘चल, ठेवतो.’ ठेवल्यावर मी बराच वेळ फोन हातात धरून बसते, हे तुला माहीत असायचं कारण नाही. म्हणून म्हटलं, या वेळी लिहावं. कागदावर मला कोणी मध्येच ‘बरं का, इथे पाऊस आहे’ असं सांगत नाही.

आधी एक गोष्ट नीट सांगते, कारण तू लोकांना ‘बहीण कानाची मशिनं विकते’ असं सांगतोस, हे मला ठाऊक आहे. मी मशिनं विकत नाही. मी कान तपासते, आणि गेली कित्येक वर्षं मुख्यतः लहान मुलांचे. आमच्या खोलीत जाड भिंतींचा एक बूथ आहे, भलंमोठं कपाट म्हण ना, आत माणूस बसेल असं. दार लावलं की बाहेरचं जग बंद. मुलाला आत बसवायचं, त्याच्या हातात ठोकळा द्यायचा, समोर पेटी ठेवायची आणि सांगायचं, आवाज आला की ठोकळा टाक. बाहेर काचेपलीकडे एकजण यंत्रावर बसून आवाज सोडतो, आधी मोठे, मग बारीक, मग अगदी मुंगीच्या पावलाएवढे. मूल ठोकळा टाकतं, आपण खूण करतो. जगात इतका सरळ खेळ दुसरा नसेल. लपवाछपवी नाही, कोणाचा चेहरा वाचायचा नाही, हसायचं कधी ते ओळखायचं नाही. मला हे काम का आवडलं असेल, हे मला फार उशिरा कळलं.

आता आमच्याकडे कोणती मुलं येतात ते बघ. हाक मारली की मूल वळून बघत नाही, म्हणून घरचे आधी कानाकडे धावतात. पहिली खिडकी आमची. आणि मी असे आईबाप पाहिलेत जे मनातून मूल बहिरं निघावं म्हणून देवाला हात जोडून बसलेले असतात, कारण बहिरेपणाला यंत्र आहे, उपाय आहे, शेजाऱ्यांना सांगता येईल असं नाव आहे. मी ‘कान उत्तम आहेत’ म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. इतकी चांगली बातमी इतक्या वाईट तोंडाने ऐकणारी माणसं दुसऱ्या कुठल्या धंद्यात भेटत नसतील. पूर्वीपासून आमची पद्धत अशी, की कान उत्तम म्हणायचं, पुढच्या खिडकीची चिठ्ठी द्यायची आणि ‘नेक्स्ट’ म्हणायचं. पुढच्या खिडकीवर मग कधीतरी कोणीतरी त्यांना ऑटिझम हा शब्द सांगतं. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. ज्याने हा शब्द शोधला त्याला मला एकदा भेटायचंय. अहो, मला तिसऱ्या मजल्यावरच्या बाईचं घड्याळ ऐकू येतं, बल्बची गुणगुण ऐकू येते, समोरच्याच्या पोटातली गुरगुर ऐकू येते. स्वतःत मग्न व्हायला मला सवड कधी मिळणार?

हो दादा. मला. दोन वर्षं झाली.

झालं असं, की आमच्या सगळ्या विभागाला एक प्रशिक्षण होतं. पालकांकडून भरून घ्यायची एक प्रश्नावली असते, ती सरावासाठी प्रत्येकाने स्वतःबद्दल भरायची होती. मी प्रामाणिकपणे भरली. बेरीज केली तेव्हा सगळ्यांचे आकडे एका गल्लीत आणि माझा दुसऱ्या गावात. सगळे खूप हसले. ‘मॅडमनी मुद्दाम भरलंय, मॅडमचा विनोद वेगळाच असतो.’ मीही हसले. कधी हसायचं ते एव्हाना मला पाठ झालंय. समोरच्याचे खांदे हलले की हसायचं. पण घरी येऊन वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना माझे हात मध्येच थांबले. पुढे रजा टाकून मी दुसऱ्या शहरातल्या एका डॉक्टरांकडे गेले. माझ्या निम्म्या वयाची मुलगी. तिने विचारलं, लहानपणी खेळण्यांशी कशा खेळायचात? मी म्हटलं, खेळत नसे, मांडायचे आणि कोणी हलवलं की भांडायचे. मग तिने विचारलं, तुमचं लहानपण जवळून पाहिलेलं कोणी आहे का, त्यांच्याशी बोलता आलं तर बरं होईल. मी तिथेच, तिच्यासमोर, तुला फोन लावला. आठवतंय? भर दुपारी फोन केला होता. तू म्हणालास, ‘का गं, सगळं ठीक ना?’ आणि मी तुझ्या गुडघ्याची चौकशी केली. तू सविस्तर सांगितलंस. डॉक्टरीणबाई पेन हातात धरून थांबल्या होत्या. फोन ठेवून मी त्यांना म्हटलं, भाऊ कामात आहे.

निदान हातात घेऊन मी घरी आले तेव्हा मला वाटलं होतं की काहीतरी वेगळं होईल. रडू येईल, नाहीतर डोक्यावरचं ओझं उतरेल, लोक सांगतात तसं. कुलूप उघडलं, चपला जागेवर ठेवल्या, दूध तापवलं. मग लक्षात आलं की ही बातमी सांगायला माझ्याकडे एकही माणूस नाही. चांगली की वाईट तेही मला ठरवता येत नव्हतं, आणि अशा वेळी दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यायचा असतो म्हणे. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या दूध प्यायले आणि गाळणी धुऊन ठेवली.

कामावर मात्र मी बदलले. कोणाला काही सांगितलं नाही, पण मुलांच्या खोलीत पाऊल टाकलं की मला आता माझ्याच डोळ्यांनी आणि कानांनी ती खोली कळायला लागली. भिंतीवर पंचवीस दात दाखवत हसणारे हत्ती आणि ससे. डोक्यावर फडफडणाऱ्या ट्यूबलाइटच्या नळ्या. मुलाला घेरून बसलेली आई, बाबा, आजी, आणि सगळ्यांचा एकच गजर, ‘बघ, बघ, मावशी काय म्हणते बघ!’ मी एकेक काढत गेले. घोषणा देऊन काही केलं नाही. क्रांती करायची तर आमच्याकडे ती भांडारातल्या अर्जांनी करावी लागते. नळ्या काढून पिवळे दिवे मागितले, कारण लिहिलं ‘वीजबचत’. हत्ती उतरवले, कारण लिहिलं ‘भिंतींना ओल’. पहिल्या भेटीत काहीच तपासायचं नाही, मुलाने फक्त खोलीत यायचं, पेटी उघडायची, ठोकळे हुंगून बघायचे, वाटलं तर बूथच्या दाराला पाठ घासायची आणि घरी जायचं. याला मी नाव दिलं ‘पूर्वतयारी’. सरकारी कानाला हा शब्द फार गोड लागतो. मुलाच्या पाठीमागे उभं राहून त्याच्या नावाने ओरडायचं, टाळ्या वाजवायच्या, घंटा बडवायची, हे बंद केलं. आणि अहवालात आमचा एक लाडका शब्द होता, ‘असहकार्य’. मूल रडलं, असहकार्य. मूल टेबलाखाली बसलं, असहकार्य. मी तो शब्द लिहायचा सोडला. त्याऐवजी जे दिसलं ते लिहायला लागले: ‘टेबलाखाली बसून राहिली, दिवा मंद केल्यावर बाहेर आली.’ माझ्या हाताखालच्या मुलीने, म्हणजे यंत्रावर बसणाऱ्या माझ्या ज्युनिअरने, एक दिवस न विचारता तसंच लिहिलं. मग इतर दवाखान्यांतल्या दोघी-तिघी फोन करून विचारायला लागल्या, ‘मॅडम, तो शब्द नाही तर मग काय लिहायचं?’ मी सांगायचे, डोळे उघडे ठेवून लिहा, बाकी काही नको. माझी चळवळ म्हणशील तर एवढीच. तिला ना झेंडा, ना सभासद. पण एका मुलामागे वेळ मात्र जायला लागला. कधी दीड तास, कधी दोन.

आणि इथेच आमच्या नव्या साहेबांचं आगमन झालं. विभागप्रमुख, माझ्याहून वयाने लहान, सभ्य माणूस, आकड्यांवर जीव. त्यांनी सगळ्यांसाठी एकच नियम आणायचा ठरवला: एका मुलाला वीस मिनिटं. वीस मिनिटांत ज्याचं होणार नाही, त्याला झोपेचं औषध देऊन, डोक्याला तारा लावून तपासायचं. झोपलेलं मूल काही असहकार्य करत नाही. हा नियम आला की माझी पूर्वतयारी गेली, मंद दिव्याखालचा दीड तास गेला, माझी खोली पुन्हा हत्ती-सशांची झाली. महिनाभराने समितीसमोर मी माझं म्हणणं मांडायचं होतं. मी म्हणणं लिहून काढायला बसायचे आणि दर वेळी ते तक्रारअर्जासारखं व्हायचं.

त्याच महिन्यात ती आली. पाच वर्षांची असेल. आई घरी शिवणकाम करणारी, अजून ब्लाउजला टाचणी लावलेली, तशीच धावत आलेली. तीन ठिकाणी तपासून झालं होतं आणि तिन्ही कागदांवर एकच शेरा: प्रतिसाद अविश्वसनीय, झोपवून तपासावे. आई म्हणाली, ‘मॅडम, एकदा औषध दिलं होतं, तर जागी झाल्यावर दोन दिवस मला जवळ येऊ दिलं नाही तिने. आणि ऐकू येतं हो हिला. शेजारच्या खोलीत बिस्किटाचा पुडा उघडला तरी येते. फक्त ‘ये’ म्हटलं की येत नाही.’ मी म्हटलं, पुडा खोटं बोलत नाही ना, म्हणून. आईला हसावं की नाही कळेना. ही बया मात्र पूर्वतयारीच्या दिवशी ठोकळे रंगाप्रमाणे लावून, पेटीच्या झाकणाला गाल टेकवून बसली. पोस्टात शिक्के मारणारा माणूस बसतो तशी गर्क. मी तिचं नाव ठेवलं पोस्टमास्तरीण.

दुसऱ्या खेपेला आम्ही दोघी बूथमध्ये बसलो. ही माझी नवी रीत. मी यंत्रावर बसत नाही, मुलाबरोबर आत बसते. ज्युनिअर काचेपलीकडे. मी सांगितलं, आवाज आला की ठोकळा टाक. तिने लगेच टाकला. काचेपलीकडून ज्युनिअरने मान हलवली, ‘मी काहीच सोडलं नाही’ अशी. पुन्हा शांतता. पुन्हा तिने टाकला. पुन्हा मान हलली. माझ्या कानातल्या इअरफोनमध्ये ज्युनिअर हळूच म्हणाली, ‘मॅडम, ही मनाला येईल तेव्हा टाकते. अविश्वसनीय लिहू का?’ मी बोट वर करून तिला थांबवलं, कारण दादा, त्याच वेळी माझ्याही लक्षात आलं होतं.

त्या बूथमध्ये हवा खेळती ठेवायला वर एक पंखा आहे. तो मधूनमधून आपोआप सुरू होतो आणि बंद होतो, आणि चालू असताना एक तार ओढल्यासारखा बारीक, उंच आवाज येतो. मला तो नोकरीच्या पहिल्या दिवसापासून येतो. मी एकदा तपासनीसाला सांगितलं होतं. त्याने मापक लावला आणि म्हणाला, ‘मॅडम, आवाज मर्यादेत आहे.’ मी म्हटलं, म्हणजे आहे ना? तो म्हणाला, ‘आहे, पण माणसाला ऐकू येणारा नाही.’ त्या दिवसापासून मी गप्प बसले आणि तो आवाज माझ्या डोक्यातच असेल असं धरून चालले. आणि आता ही पोस्टमास्तरीण तार ओढली गेली की ठोकळा टाकत होती, तार थांबली की पुढचा ठोकळा गालाशी धरून वाट बघत होती. असाच एखादा पंखा तिथेही असेल, तर तीन ठिकाणी तिने इतकीच चोख परीक्षा दिली असणार, आणि तिन्ही ठिकाणी नापास झाली, कारण तपासणाऱ्यांना प्रश्नच ऐकू येत नव्हता. पुढच्या वेळी तार सुरू झाली तेव्हा मी माझं बोट वर केलं. तिने माझ्या बोटाकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, बोटाकडे. मग तिने पेटी सरकवून आमच्या दोघींच्या मधोमध ठेवली, आणि एक निळा ठोकळा उचलून माझ्या हातात दिला.

आम्ही दोघींनी मिळून सात-आठ ठोकळे टाकले. ज्युनिअरला वाटलं, मॅडमचं डोकं फिरलं. दादा, मला लहानपणी कोणी खेळायला घेतलं नाही अशातली गोष्ट नाही, घ्यायचे, आई सांगायची म्हणून. पण मला ऐकू येतं तेच ऐकणाऱ्या माणसाशेजारी मी आयुष्यात पहिल्यांदा बसले होते, आणि तो माणूस पाच वर्षांचा होता आणि त्याला तासाभराने घरी जायचं होतं. मग मी वरचा पंखा बंद करायला लावला. आत भट्टी झाली. आम्ही दोघी घामाने निथळत होतो, पण त्यानंतर तिचा एकही आवाज हुकला नाही. मुंगीच्या पावलाचेसुद्धा सगळे टिपले.

मी आईला सांगितलं, कान उत्तम आहेत, आमच्या साहेबांपेक्षा उत्तम. ती खुर्चीत खाली बसली. म्हणाली, ‘मग ही माझ्याकडे बघत का नाही?’ पूर्वी मी इथे चिठ्ठी दिली असती. आता मी म्हटलं, तुमचं ऐकते तेव्हा बघत नसेल. दोन्ही कामं एका वेळी जड जातात. मलाही जातात. हे मी कोणालाही मोठ्याने सांगितलेलं पहिलं वाक्य. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, ‘पण तुम्हाला तर एवढी मोठी नोकरी आहे.’ मी म्हटलं, हो, आणि जेवायची सुट्टी झाली की मी डबा घेऊन या बूथमध्ये बसते. ती इतकी हसली की टाचणी टोचली तिला. जाताना पोस्टमास्तरणीने मला काही टाटा वगैरे केला नाही. निळा ठोकळा मात्र खिशात घालून नेला. मी तो तिला नेऊ दिला आणि भांडाराला ‘झिजला’ असं कळवलं.

समितीच्या दिवशी साहेबांनी आधी आलेख दाखवला. ‘बघा मॅडम, इतरांची आठ मुलं होतात तिथे तुमची दोन. बाकीच्यांना जमतं, तुम्हालाच इतका वेळ का लागतो?’ मी पोस्टमास्तरणीची हकिकत सांगितली. साहेब शांतपणे म्हणाले, ‘म्हणजे तिला असा आवाज येत होता, जो कोणालाच येत नाही. याला पुरावा काय?’ मी म्हटलं, मला येतो. ‘तुम्हाला कसा काय?’ आणि दादा, माझ्यापुढे दोनच रस्ते होते. गप्प बसले असते तर खोली गेली असती, आणि पुढची पोस्टमास्तरीण औषध पिऊन झोपली असती. मी सांगून टाकलं. दोन वर्षं जे कुलपात ठेवलं होतं ते दहा जणांच्या टेबलावर, पाण्याच्या ग्लासांच्या मधे ठेवलं.

मला वाटलं होतं लोक हसतील. हसले असते तर मला जमलं असतं, खांदे बघून मीही हसले असते. पण सगळे प्रेमळ झाले. प्रशासनातल्या बाईंनी माझ्या हातावर हात ठेवून थोपटायला सुरुवात केली. तो हात काढून कसा घ्यायचा हे मला कळेना. एकजण म्हणाले, ‘तुम्ही अजिबात तशा वाटत नाही हो.’ तुम्हीही डॉक्टर वाटत नाही, हे मी मनातच म्हटलं. वयाबरोबर माझ्यात सुधारणा होते आहे. साहेब तर माझ्याशी सावकाश, शब्द सुटे करून, मोठ्याने बोलायला लागले. कानाच्या विभागात! मला वाटलं, आता माझ्याही हातात ठोकळा देतात की काय.

मग आठवड्याने हुकूम आला. तो वाचून मी आधी उभी राहिले आणि मग बसले. मंद दिवे मंजूर. पूर्वतयारी मंजूर. मुलाला लागेल तेवढा वेळ मंजूर, पंखा बदलणंही मंजूर. ‘असहकार्य’ हा शब्द साऱ्या विभागातून काढून टाकला. मी जन्मात मागायला धजले नसते तेवढं सगळं. आणि शेवटच्या ओळीत, मुलांच्या खोलीतला गोंगाट आणि ताण लक्षात घेता माझ्या प्रकृतीच्या काळजीपोटी मला त्या खोलीतून मोकळं करून ज्येष्ठांच्या श्रवणयंत्रांच्या खिडकीवर नेमलं. ज्या खोलीतला गोंगाट मी काढला, त्याच खोलीच्या गोंगाटापासून मला वाचवण्यात आलं. ती खिडकी कुठे आहे हे तू ओळखलंच असशील. आपलं स्वागत आहे, कृपया सावकाश चाला.

मी भांडले नाही असं समजू नकोस. साहेबांकडे गेले. ते म्हणाले, ‘मॅडम, आम्हाला तुमची काळजी आहे.’ दुष्टाव्याशी मला भांडता येतं, त्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण काळजीपुढे मी हात टेकले. ज्युनिअर रडत आली, ‘मी ही खोली घेणार नाही, राजीनामा देते.’ मी म्हटलं, गाढवपणा करू नकोस, तू गेलीस तर आकडेवाले परत हत्ती टांगतील. तिला किल्ली दिली, आत कुठे बसायचं ते दाखवलं. ती चांगली आहे. मुलं तिच्याजवळ पटकन येतात. तिला पंख्याचा आवाज येत नाही, एवढंच. मी हल्ली डबा जिन्यात बसून खाते. आजी-आजोबांची यंत्रं लावते. तीही कामं करावी लागतातच कोणाला तरी. एक आजोबा रोज येऊन यंत्र बंद करून मागतात, घरी सगळे फार बोलतात म्हणून. त्यांचं आणि माझं बरं जमतं.

आता तुझ्या निरोपाचं. येऊन बरेच दिवस झाले, आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणून हे सगळं पुराण. तू लिहिलंस, ‘नातीला हाक मारली तर बघत नाही. सूनबाई म्हणते कान दाखवू या. तुला सवड असेल तर घेऊन येतो. बाकी पोरगी थेट तुझ्यावर गेलीय, लहानपणी तू अशीच होतीस.’ शेवटचं वाक्य तू सहज लिहिलंस. मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तिचे कान बहुधा उत्तम निघतील, दादा. तुझा चेहरा पडू देऊ नकोस, सूनबाईंचाही पडू देऊ नकोस. माझ्यावर गेली असेल तर त्यात घाबरण्यासारखं काय आहे आणि काय नाही, ते तुला वर वाचून कळलं असेल, म्हणून काही लपवलं नाही. मी ज्युनिअरकडून शनिवारच्या दुपारपुरती किल्ली मागून घेतली आहे. बूथ तेव्हा रिकामा असतो आणि कोणाला नको असतो. येत्या शनिवारी तिला घेऊन ये. पूर्वतयारीला दुसरं कोणी नको, फक्त तू. तिच्या हातात रोजची जी वस्तू असते ती काढून घेऊ नकोस, आणि वाटेत ‘आत्याआजीला नमस्कार कर हं’ असं पढवू नकोस. त्या दिवशी आमचा मजला अगदी सामसूम असेल, कारण सगळे वरच्या सभागृहात असणार. मुलांच्या खोलीला ‘शांत कक्ष’ असं नाव देऊन तिचं उद्घाटन आहे, ध्वनिक्षेपक लावून. व्यासपीठावर माझं नाव पुकारणार आहेत, फुलांचा गुच्छ आणि चौकटीतलं मानपत्र आहे म्हणे. तुला आठवतं का माहीत नाही, पण मला शाळेचं ते बक्षीसवाटप आठवतं. माईक किंचाळला आणि मी खुर्च्यांखाली शिरले. तू धावण्यात पहिला आला होतास, पडद्याशेजारी रांगेत उभा होतास, पुढचं नाव तुझं होतं. तू रांग सोडून खाली आलास, मला बाहेर ओढलंस आणि मागच्या गल्लीने घरी घेऊन आलास. आपल्या पाठीमागे तुझं नाव दोनदा पुकारलेलं मला ऐकू आलं. तुलाही आलं असणार. आईने विचारलं तेव्हा तू म्हणालास, पोट दुखत होतं, आणि तिने केलेला तो जहर कडू काढा मुकाट्याने पिऊन टाकलास. तर शनिवारी ये, मी खालीच आहे. मी आजच वर कळवून टाकलंय, त्या दिवशी माझं पोट दुखणार आहे.

तुझीच,
धाकटी